चढलेली लय

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी किप लिंडक्विस्टला बर्फ सुचला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एल कहोनमध्ये बर्फ पडतो तो फक्त पेल्यात. डिसेंबरातही तिथे माणसं स्वेटर कमरेला बांधून हिंडतात. पण किपने आईच्या गॅरेजमध्ये उभं राहून 'सॉगी सीरियल' या आपल्या तिघांच्या बँडची नवी गाणी म्हणून दाखवली, तेव्हा पाचांपैकी चार गाण्यांत बर्फ पडत होता. पाचव्यात तो वितळत होता.

"तू बर्फ बघितलायस कधी?" ड्रममागून व्हर्नन पाचेकोने विचारलं.

"हा आतला बर्फ आहे, व्हर्न."

"आतला म्हणजे? फ्रीजमधला?"

बेस गिटारवाला ओकुबो हसला, आणि किपचा चेहरा बघून त्याने ते हसू तिथल्या तिथे गिळलं.

शाळा सुटल्यापासून हे तिघं एकच गाणं वाजवत आले होते. नावं निराळी होती, पण गाणं एकच. दोन मिनिटांचं, भरधाव. त्यात शाळेतल्या नाचाला भलत्याच पोराबरोबर गेलेली एक पोरगी असायची आणि किप तिच्याबद्दल नाकातून रडायचा. सर्दी झालेल्या पोरासारखा तो आवाज पंचक्रोशीतल्या सगळ्या पोराटोरांना पाठ होता. आता किपला प्रौढ व्हायचं होतं. प्रौढ माणसं नोकरी धरतात, डॉक्टरला दात दाखवून येतात, आईच्या घरातून बाहेर पडतात. किपने यातलं काहीच केलं नाही. त्याने गाणी हळू केली, काळे कपडे घातले आणि नाकातून गाणं सोडलं. नाक मिटल्यावर कळलं, त्याच्यामागे दुसरा आवाज नव्हताच. उरली ती नुसती कुजबूज. किप तिला भावनेची खोली म्हणायचा.

व्हर्नन दिवसभर लोकांचे तरणतलाव साफ करायचा. लांब दांड्याच्या जाळीने पानं काढायची, पाण्यात औषध टाकायचं, आणि मालक घरात असले तरी कोणाशी न बोलता मागच्या फाटकाने निघून जायचं. त्या घरांतून कोणी त्याला नावाने हाक मारली नव्हती. नावाने हाक यायची ती ड्रमवर बसल्यावर. त्यामुळे किपच्या बर्फाची त्याला कितीही किळस आली तरी त्या स्टुलावरून उठायची त्याची तयारी नव्हती.

आणि खरी अडचण बर्फाची नव्हतीच. व्हर्ननला हळू वाजवता येत नव्हतं.

भरधाव वाजवणाऱ्याचं सगळं खपून जातं. ठोका मागेपुढे पडला तरी पुढचे चार त्याच्यावर येऊन कोसळतात. ठाय लयीत मात्र दोन ठोक्यांमध्ये एवढी मोकळी जागा पडते की माणूस तिथे उघडा दिसतो. व्हर्ननला ती जागा सोसायची नाही. उजवा हात पुढे पळायचा, डावा त्याला गाठायला धावायचा, आणि कडव्यागणिक लय चढत जायची.

"पुन्हा पळालास," किप म्हणाला.

"तू झोपलायस. मी जागेवरच आहे."

तेवढ्यात किपची आई दार लोटून डोकावली. "कोण गेलं रे?"

"कोणी नाही, मॉम. नवीन गाणं आहे."

"मला वाटलं, रडगाणं कोणासाठी तरी चाललंय," असं म्हणून बाई निघून गेल्या.

व्हर्नन पोट धरून हसला. तेच किपला लागलं. कोपऱ्यात त्याने एक ताल वाजवणारं यंत्र आणून ठेवलं होतं, जेवणाच्या डब्याएवढं. त्याच्यावर हात ठेवून तो म्हणाला, "रविवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये हे शेवटचं गाणं तू ठाय लयीत नेऊन दाखव. नाहीतर रेकॉर्डवर हे यंत्र वाजवेल. आणि पुढेही हेच."

रविवारी दुपारी हॉल पोरांनी भरला होता. जुनी गाणी झाली, पोरं उड्या मारून घामाघूम झाली. मग किपने डोळे मिटले आणि बर्फ पाडायला सुरुवात केली. पोरं गप्प झाली, मग आपसात बोलायला लागली. कोणीतरी ओरडलं, "कुत्रं मेलं का तुझं?" पहिली तीन कडवी व्हर्ननने दात आवळून धरली. चौथ्याला त्या डब्याएवढ्या यंत्राची आठवण झाली आणि हात सुटला. लय चढली. ओकुबो मागून धावला. किपने एकदा मागे बघितलं, डोळ्यांत खून होता. पण कुजबुजत कोणाला धावता येतं? श्वास पुरेना, आणि अखेर त्याचं नाक आपोआप उघडलं. बर्फ, हिवाळा, एकांत, सगळं तो नाकातून किंचाळायला लागला. हॉल वेडा झाला.

गाडीत सामान भरताना किप व्हर्ननपाशी आला. व्हर्नन शिव्या ऐकायच्या तयारीत होता.

"हे तू ठरवून केलंस?"

ओकुबो जमिनीकडे बघत होता.

"हो," व्हर्नन म्हणाला.

"आधी शांतता, मग वादळ!" किपने त्याला मिठी मारली. "अरे, हाच तर प्रयोग! मला सांगायचंस ना, गाढवा!"

चूक कोणाच्या तरी तोंडून प्रयोग झाली की तिच्याकडे पुन्हा कोणी निरखून बघत नाही. व्हर्ननची जागा पक्की झाली. तेच त्याला नडलं.

रेकॉर्डिंगला किप म्हणाला, "चौथ्या कडव्यात चढ. त्या दिवशीसारखा." चौथं कडवं आलं आणि व्हर्ननचे हात लय सोडेनात. जागा जायची भीती आता उरली नव्हती. हात निवांत, एकेक ठोका आपल्या जागी ठेवत शेवटापर्यंत गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ठाय लय सांभाळली होती.

"हे काय? चढ ना!"

त्याने मुद्दाम चढून बघितलं. जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं वाजलं. पुन्हा बघितलं. तसंच.

"त्या दिवशी काय केलं होतंस रे?" ओकुबोने विचारलं.

व्हर्ननने काठ्या मांडीवर ठेवल्या. "घाबरलो होतो."

"म्हणजे चूक होती?" किपचा आवाज पुन्हा कुजबुजला.

"हो. पण आत्ता वाजवलं ना, ते बरोबर होतं. ऐकलंस का? एकदाही पळालो नाही."

"बरोबर कोणाला हवंय?" किप म्हणाला. "आणि चूक होती हे बाहेर कुठे बोलू नकोस."

हॉलमधल्या कार्यक्रमाची कोणीतरी केलेली टेप होती. तीवरून किपने त्या डब्यात ठोकान्‌ठोका भरला. व्हर्ननला त्यानंतर बोलावणं आलं नाही. रेकॉर्ड निघाली, एका फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकाने तिला धाडसी म्हटलं, आणि त्या संध्याकाळी किपचाच फोन आला. व्हर्नन कोणाच्या तरी तलावाशी गुडघ्यांवर बसला होता.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"चौथ्या कडव्यात तुझं यंत्र घाबरतं."

"हो ना!" किप खूश झाला. "तेच तर पाहिजे होतं!"

व्हर्ननने फोन बंद केला आणि जाळी पाण्यात घातली. हात निवांत चालला होता.