बाबांच्या मोबाइलवरचं पान

चोपड्याची सेजल पेडण्याच्या बाजारात संगणकाचे वर्ग घेते. वेब पान बनवायला ती स्वतःच्या हिमतीवर शिकली आणि तिचं पहिलं पान होतं वडिलांच्या, रघुनाथांच्या, दशावतारी कंपनीचं. दशावतारात बायका काम करत नाहीत, बाप्येच लुगडी नेसतात. त्यामुळे रघुनाथांना मुलगी असूनही कंपनीला वारस नाही, असं गाव म्हणायचं. गावाला काय, जीभ उचलून टाळ्याला लावायला पैसे पडत नाहीत. सेजलने भांडण केलं नाही, पान केलं. वर मोठा फोटो, खाली मोकळ्या तारखा आणि गौरेशचा नंबर.

गौरेश हा कंपनीतला स्त्रीपार्टी. आईवेगळा म्हणून या घरी आला, रघुनाथांना मामा म्हणू लागला आणि घरचाच झाला. रघुनाथांनी त्याला लुगडं नेसायला, चालायला, रडायला शिकवलं. पानावरचा मोठा फोटो त्याचाच होता, द्रौपदीच्या वेषातला. सेजल त्याला राखी बांधायची. तारखा बदलता याव्यात म्हणून पानाची एक किल्लीही, म्हणजे वेगळा पासवर्ड, तिने त्याला दिली होती.

यंदा पावसात रघुनाथांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. दिवाळीपर्यंत बोलणं कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं. लगेच आवई उठली की कंपनी बंद पडली. सेजलने त्यावर पानावर ठळक लिहिलं, ‘कंपनी यंदाही उभी राहणार.’ तेवढं लिहून ती निर्धास्त झाली.

या धंद्यात कागद नसतो, सही नसते. देवस्थानाची माणसं घरी नारळ घेऊन येतात. तो हातात घेतला की त्या तारखेचा काला, म्हणजे जत्रेतला दशावताराचा खेळ, पक्का. दरवर्षी दसऱ्यापर्यंत रघुनाथांच्या देवघरात तीसेक नारळ जमायचे. यंदा दिवाळी दहा दिवसांवर आली तरी पाचच होते, आणि त्यांत चोपड्याचा नव्हता. गावच्या जत्रेचा काला रघुनाथांच्या आज्यापासून याच घराचा. तो गेला असता तर कंपनीत उरलं काय असतं?

अशात केरीहून देवस्थानाच्या सुदेशचा फोन आला.

“तुमचा पान दिसत नाय गो. कंपनी खरीच बंद केलात काय?”

सेजलने समोरचा लॅपटॉप उघडला. पान ठणठणीत होतं. “माझ्याकडे दिसता,” एवढंच ती म्हणाली, कंपनीचं उत्तर राहूनच गेलं. हे वाक्य पुढे तिला फार बोचलं.

नवऱ्याच्या मोबाइलवर पान नव्हतं. तिच्या स्वतःच्या मोबाइलवर दोन ब्राउझर होते. एकात दिसायचं, दुसऱ्यात ‘पान सापडत नाही’. म्हणजे दोष ब्राउझरचा, असं तिने ठरवून टाकलं. तिने ब्राउझरने साठवलेला जुना कचरा पुसला, अक्षरांचा फॉन्ट बदलला, फोटो लहान केले. तीन दिवस वर्ग सांभाळून ती हेच करत होती. गौरेशलाही विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “जुन्या मोबायलात नायच दिसूचा. तू कित्याक डोक्याक ताप करून घेतंस?”

चौथ्या दिवशी ती वर्गातल्या मुलींना शिकवत होती की आपलं पान परक्याच्या नजरेने बघायचं असेल तर इनकॉग्निटोत, म्हणजे कुठलाच पासवर्ड लक्षात न ठेवणाऱ्या खिडकीत, उघडा. सांगता सांगता तिने आपलंच पान तसं उघडलं. लॅपटॉप तोच, ब्राउझर तोच, आणि पान गायब.

वर्ग तिने लवकर सोडला. ब्राउझर बिचारे निर्दोष होते. पान कोणीतरी ‘खाजगी’ करून ठेवलं होतं. ज्या ब्राउझरात पासवर्ड घालून पानाची किल्ली फिरवलेली होती, तिथेच ते दिसत होतं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंदही आतच होती. चवथीच्या दुसऱ्या दिवशी. गौरेश. त्या दिवशी त्याने त्यांच्याच घरी पंगतीत बसून पातोळ्या खाल्ल्या होत्या, सेजलनेच वाढल्या होत्या.

तिने पान सगळ्यांसाठी खुलं केलं आणि सुदेशला फोन लावला.

“आता दिसता गो,” सुदेश म्हणाला. “पण आमी तेच्या आदीच गौरेशाक फोन केलो. तो म्हणालो, मामांचो आवाज गेलो, कंपनी बंद, आता माझी नवी कंपनी आसा. नारळ तेकाच दिलो. चोपड्याचोय तेच्याकडेच गेलो. दिलेलो नारळ परत कसो मागतलो?”

मग तिने गौरेशला फोन लावला. त्याने उचलला. नाकारलंही नाही. “आज ना उद्या बंदच होतली मगे,” एवढंच म्हणाला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे सेजलने पाहिले होते; याने वासे मोजून नेलेही होते.

संध्याकाळी ती वडिलांसमोर जाऊन बसली. रघुनाथ ओट्यावर मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून पानच बघत होते.

“माझ्या मोबायलार बरा दिसता,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “रोज बघतंय.”

सेजलने मोबाइल हातात घेतला. पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘नमस्कार, गौरेश.’

“बाबा, ह्या कोणी लावून दिला?”

“गौरेशान. दर सोमवारी येता, मोबाइल साफ करून दिता.”

म्हणजे म्हाताऱ्याला संशय येऊ नये म्हणून तो दर आठवड्याला येऊन किल्ली फिरवून जात होता. पान चोरलं ते एक वेळ समजण्यासारखं होतं, पण हे सेजलला सोसवेना. ती रडली, आणि रडतच तिने सगळं सांगितलं. चोपड्याचं नाव आलं तेव्हा रघुनाथांनी देवघराकडे पाहिलं.

सेजलने डोळे पुसून लॅपटॉप उघडला. गौरेशचा नंबर काढला, त्याची किल्ली रद्द केली. आता पान प्रत्येक ब्राउझरात दिसत होतं आणि सगळ्यात आधी दिसत होता द्रौपदीचा तो फोटो.

“ह्यो काढतंय,” ती म्हणाली.

“काढ. सगळ्यांच्या मोबायलारसून काढ.” रघुनाथांनी आपला मोबाइल पुन्हा हातात घेतला. “माझ्या एकट्याच्या मोबायलार मात्र रवांदे. तसा करूक येता मा, बाय?”

सेजलला येत होतं. ते कसं करायचं, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं.