चौकशीचे घोट

आमच्या घराण्यात जमीन थोडी आणि संशय फार. पाहुण्यानं पेढे आणले तर आई आधी पुडकं उघडून हुंगायची आणि मग पाहुण्याला पाणी द्यायची. मामा तर त्यातला कळस. बाजारात मेथीची जुडी घेताना तो ती सोडायला लावून आतल्या काड्या बघायचा. मी थोडं इंग्रजी शिकलो आणि वडगावच्या कचेरीत कारकून झालो, पण संशयाच्या बाबतीत मामाचाच भाचा राहिलो. हे सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं.

वडील लवकर गेले. तिकोणा पेठ गावातली शेती मामाच बघायचा आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाचा भारही त्यानंच डोक्यावर घेतला होता. तिला अठरावं लागलं होतं. आमच्याकडे तेव्हा हे वय म्हणजे आईची झोप उडवणारं. आधीची दोन स्थळं मामाच्या चौकशीनं मोडली होती. एका मुलाचा चुलता ऊठसूट कोर्टात जातो म्हणून, दुसऱ्याची विहीर उन्हाळ्यात आटते म्हणून.

तिसरं स्थळ लोणावळ्याचं आलं. मुलगा एकुलता एक, घरी फक्त आई. कार्ल्याच्या जत्रेत त्याच्या आईनं माझ्या आईची ओळख काढली, आणि दोघी देवीचं दर्शन घेऊन येईपर्यंत तो पायरीवर उभा राहून सगळ्यांच्या वहाणा राखत होता. बहिणीनं त्याला पाहिलं ते तेवढंच. घरी आल्यावर चुलीपुढं बसून ती मला म्हणाली, "दादा, हे मोडू नका." तिनं आजवर काही मागितलं नव्हतं. मी तिला शब्द दिला.

अडचण एकच होती, मुलाची नोकरी. लोणावळ्याला एका शेटजींच्या दोन वखारी होत्या, एकीत द्राक्षाची वाइन, दुसरीत जांभळाची. गावाबाहेर त्यांचा बिअरचा लहानसा कारखानाही होता. मुलगा तिथं चव बघायच्या कामावर होता.

"चव बघतो म्हंजे पितो," मामा म्हणाला. "गुऱ्हाळावरचा माणूस गूळ खात न्हाई व्हय?"

मला ते पटलं. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता आणि दारुड्याच्या घरी बहीण द्यायची तर विहीर जवळ होतीच. चौकशी करायचं ठरलं. आता आमच्याकडे चौकशी म्हणजे मुलाला सोडून बाकी साऱ्या गावाला विचारायचं. खुद्द मुलाला विचारणं अपमानाचं, आणि तो खरं सांगेल कशाला? शेटजी दर शनिवार-रविवारी दुकानवाल्यांना नि हॉटेलवाल्यांना बोलावून माल चाखवतात, असं मामाला कळलं होतं. जत्रेला मी आणि मामा गेलो नव्हतो, त्यामुळे मुलानं आम्हा दोघांना पाहिलं नव्हतं. मामा जुन्नरकडचा दुकानदार झाला, मी त्याचा मुनीम.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. कामशेतला मामा गाडीत चढला तो नवा लाल फेटा बांधून. लोणावळ्याला उतरल्यावर त्याचा पहिला संशय टांगेवाल्यावर. वखारीचं नाव काढताच हा हसला का, हे त्यानं मला तीनदा विचारलं.

वखारीच्या दारात मुलगा उभाच होता. सडपातळ, सावळा, धुतलेला सदरा, बोलणं शांत. मामानं चंची पुढं केली. तो म्हणाला, मी तंबाखू खात नाही. मी पान देऊ केलं, तेही नको. समोरच्या हॉटेलातून चहा मागवू म्हटलं तर चहाही नको. मामानं मला कोपरखळी मारली आणि हळूच म्हणाला, "पान न्हाई, तंबाखू न्हाई, चा न्हाई. असला माणूस कायतरी मोटंच करत असणार." आज हसू येतं. तेव्हा मी मान डोलावली होती.

आत अंधार, गारवा, आणि पिपांच्या दोन रांगा. मुलानं पहिल्या पिपातून चार बोटं वाइन पेल्यात काढली, हुंगली, तोंडात घेऊन खळखळवली आणि कोपऱ्यातल्या पितळी तस्तात थुंकली. मग आमचे पेले भरून म्हणाला, "तुम्हीही थुंका. पोटात घेतली की तिसऱ्या पेल्यानंतर चव कळत नाही."

मी मामाकडे पाहिलं. मामाचे डोळे बारीक झाले होते. दुसऱ्याच्या दारात तोंडात घेतलेलं थुंकायचं म्हणजे त्या घराचा अपमान, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पण मामा थुंकला नाही तो रीतीसाठी नव्हे. "थुंका म्हनतो," तो माझ्या कानात म्हणाला. "म्हंजे चांगला माल आत दडवलाय, नायतर आपल्याला बनवतोय. गीळ. आन् त्याच्याकडं बघत ऱ्हा." आम्ही गिळली. आयुष्यातली पहिली. घशातून आंबट जाळ उतरला, मामानं डोळे मिटून घेतले आणि जाणत्यासारखी मान हलवली.

मुलगा प्रत्येक पिपापाशी थुंकत होता आणि मधूनमधून फुटाणे खात होता. मामाला फुटाण्यांचाही संशय आला. वास मारायला खातो, म्हणाला. मग पिपावरची चिठ्ठी वाचायच्या मिषानं मी मुलाच्या तोंडाजवळ तोंड नेलं. पण तोवर माझ्याच तोंडाला असा भपकारा सुटला होता की दुसऱ्या कुणाचा वास कळायची सोय राहिली नव्हती.

जांभळाच्या वखारीत तो पुन्हा म्हणाला, "आबा, थुंकत चला. ही चढते." मामानं त्याच्याकडे बघत सगळा पेला रिकामा केला. सातव्या पेल्याला मामाच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यानं मुलाच्या खांद्यावर हात टाकला आणि "जावय..." एवढं म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला म्हणून पुढचं राहिलं. मुलानं आम्हाला स्वतः टांग्यात बसवलं, मामाचा सुटलेला फेटा गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवला आणि टांगेवाल्याला धर्मशाळेचा पत्ता सांगितला. मला वाटलं, पिणाऱ्यांना सांभाळायची सवय दिसतेय याला.

रविवारी सकाळी डोकं फुटत होतं. मुलानं पेल्यात काहीतरी घातलं असणार, असं मामाचं मत पडलं, आणि आता तर छडा लावायलाच हवा म्हणून आम्ही बिअरच्या कारखान्यात गेलो. तिथं मोठ्या कढईत जव शिजत होते. वास थेट म्हशीच्या आंबोणाचा. बिअर इतकी कडू की मामा म्हणाला, कडुलिंबाचा पाला वाटून घातलाय. तरी गिळली, दोघांनीही.

मुलगा दुसरे पेले आणायला गेला तेव्हा पिपं बांधणारा म्हातारा मिस्त्री एकटाच होता. मामा त्याच्याजवळ सरकला.

"काय मिस्त्री, पोरगा रातचं घरी कसा जातो? सरळ जातो का?"

मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली. "लय सरळ जातो. सा वर्सं झाली, एक घोट पोटात न्हाई गेला. बाप दारूनं मेला त्याचा. आईनं गळ्याची आन घातली, तवा शेटनी सांगितलं, तू नुसता थुंक, तुझी जीभ मला पायजे. जिभेसाटीच पान न्हाई, चा न्हाई."

मामाचा चेहरा उजळला. मला तर बहिणीचा चुलीपुढचा चेहराच दिसला. माझा शब्द राहिला होता. त्या आनंदात आम्ही काय केलं? पुढ्यातले दोन-दोन पेले आणखी संपवले. थोड्या वेळानं मामा जवाच्या पोत्यांवर आडवा झाला आणि मी त्याच्या शेजारी बसून कशालातरी हसत होतो. मुलगा परत आला, आमच्याकडे पाहिलं, मामाच्या डोक्याखाली रिकामं पोतं घडी करून ठेवलं. त्याच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी ओळखायला हवं होतं. आमची आई वडिलांच्या आजारपणात तसंच बघायची.

घरी येऊन आम्ही होकार कळवला; सोंगाचं पुढं काय, हे त्या आनंदात सुचलंच नाही. आठ दिवसांनी मुलगा, त्याची आई आणि एक चुलता मुलगी बघायला आले. अंगणात पाय धुऊन तो ओसरीवर चढला आणि तांब्या घेऊन उभ्या असलेल्या मामाला पाहून तिथंच थांबला. मग माझ्याकडे पाहिलं. मामानं हसायचा प्रयत्न केला. बहीण पाणी घेऊन आली. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं, आणि नजर खाली घातली ती वर केलीच नाही.

जाताना तो मला गोठ्याकडे घेऊन गेला.

"जुन्नरचं दुकान कसं चाललंय?"

मी सगळं खरं सांगितलं. चौकशी, सोंग, मिस्त्री, सगळं. आमच्या घरात कुणी पीत नाही, हेही सांगितलं, देवीची शपथ घेऊन सांगितलं.

"मी दोनदा म्हटलं होतं, थुंका."

"आम्हाला तुमचा संशय होता."

"असेल," तो म्हणाला. "पण माझे वडीलही शपथ घेऊनच सांगायचे, पीत नाही म्हणून. मला ते घरात पुन्हा ऐकायचं नाही." एवढं बोलून त्यानं मला नमस्कार केला, माझं वय मोठं म्हणून. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

चार दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. आम्ही घरात तेच सांगितलं. बहिणीनं ऐकून घेतलं आणि ती जात्यावर जाऊन बसली. दोन वर्षांनी तिला साताऱ्याकडे दिली. घर चांगलं, माणसं चांगली, तक्रारीला जागा नाही. तिथली चौकशी मामानं केली नाही. करू का, असंही त्यानं विचारलं नाही.

मामा गेला त्याच्या पुढच्या भाऊबीजेला मी साताऱ्याकडे गेलो. पाटावर बसलो, तिनं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. मामाच्या आजारपणात ती महिनाभर त्याच्या उशाशी होती, आणि तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"दादा, वखारीत थुंका असं ते म्हणाले होते ना?"

"होय."

"दोनदा?"

"दोनदा."

तिनं ताटातलं कुंकू घेऊन माझ्या कपाळाला लावलं. मग तिनं निरांजन लावलं आणि मला ओवाळलं.