मदरबोर्डचं वाळवण

आमचा कॉम्प्युटर बुडून मेला. अकोल्यात, ऐन मे महिन्यात, नळाला पाचव्या दिवशी पाणी येत असताना, एका कोरड्या ठणठणीत खोलीत तो बुडून मेला. आणि यात माझी चूक होती हे मी आजही मान्य करत नाही.

कॉम्प्युटर बारा वर्षांचा होता. माझ्या मते ऐन उमेदीतला, माझा साळा संजू याच्या मते भंगारातला. संजूचं अमरावतीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अमरावतीच्या माणसाने अकोल्याच्या वस्तूला भंगार म्हणावं यात नवीन काही नाही. पण त्या महिन्यात त्या कॉम्प्युटरवर सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, एक काम अडकलं होतं. तिच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती आणि रविवारी अमरावतीला कार्यक्रम होता. तीन महिने नातेवाइकांच्या ट्रंका उपसून, एका मावशीशी कायमचं भांडण ओढवून घेऊन, तिने जुन्या फोटोंची अर्ध्या तासाची फिल्म जुळवली होती. आता कॉम्प्युटरने त्याची एक पक्की फाइल तेवढी बनवायची होती. त्यासाठी तो चौदा तास मागत होता, आणि आमच्या भागात उन्हाळ्यात वीज सलग चौदा तास राहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

संजूचा फोन आला. "भाऊजी, डिस्क घेऊन या इकडं. माह्या मशीनवर चाळीस मिनिटात होते."

"गरज नाही," मी म्हणालो. "आमच्या घरी कॉम्प्युटर हाय."

"थो? त्याच्यावर पोया लाटा आता."

हे मला फार लागलं. त्याच संध्याकाळी मी ओव्हरक्लॉकिंग शिकायला बसलो. म्हणजे असं, की कंपनीने प्रोसेसरला जो वेग नेमून दिलेला असतो, त्याहून जास्त वेगाने त्याला पळवायचं. मी नवशिका होतो, पण बेफिकीर नव्हतो. नियम वहीत उतरवून घेतले. आधी धूळ काढा. वेग एकेक पायरीनेच वाढवा. प्रत्येक पायरीला मशीन तपासा. व्होल्टेजला हात लावू नका. तापमान ऐंशीच्या वर जाऊ देऊ नका. मी यातला एकूण एक नियम पाळला. (हे कृपया लक्षात ठेवावं. आमच्या घरी कुणी ठेवत नाही.)

सुनंदाला शेजारी बसवून मी डबा उघडला, कुठला भाग कुठे बसतो ते तिला दाखवलं, ब्रशने बारा वर्षांची धूळ काढली. पालीची दोन अंडी निघाली. मग वेगाचा आकडा तेहतीसचा चौतीस केला, चौतीसचा पस्तीस, आणि अडतीसला पोचलो तेव्हा तापमान ऐंशीला टेकलं. नियम लिहिणारा माणूस कुठल्यातरी थंड गावचा असावा. त्याने खोलीत बावीस अंश धरले होते. आमच्याकडे बावीस अंश झाले की लोक कपाटातून स्वेटर काढतात.

आता वऱ्हाडात एखादी गोष्ट तापली तर माणूस काय करतो? कूलर लावतो. मी बैठकीतला मोठा कूलर ओढत आणला आणि उघडा कॉम्प्युटर त्याच्या तोंडासमोर मांडला.

"अजी, त्यातून पानी उडते," सुनंदा म्हणाली. "नुसता पंखा लावा, पंप बंद ठेवा."

"पाण्याबिगर कूलर म्हंजे घरात लू सोडनं हाय."

आबा, माझे वडील, दारात टॉवेलने वारा घेत उभे होते. "म्या साठ उन्हाळे बिना कूलरचे काढले," ते म्हणाले, "आन ह्या डब्ब्याले कूलर पायजे." पण तेही खुर्ची घेऊन कॉम्प्युटरच्या मागे, उरलेल्या वाऱ्यात येऊन बसले.

तापमान बासष्टवर आलं. मी आकडा चाळीस केला आणि शुक्रवारी पहाटे पाचला फिल्मची फाइल बनवायला लावली. अकरा तासांत होणार असं मशीन सांगत होतं. मी संजूला फोन करून हे कळवलंसुद्धा. (नसतं कळवलं तर चाललं असतं.)

दुपारी दोन वाजता फिल्म एक्क्याऐंशी टक्के झाली आणि कूलरची टाकी संपली. कूलर भरताना पंखा बंद करायचा असतो, नाहीतर तो फवारा मारतो. हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण पंखा बंद केला की तापमान ऐंशीच्या वर जाणार, आणि नियम काय होता? मी सुरक्षिततेला प्राधान्य दिलं. पंखा चालू ठेवून दोन बादल्या ओतल्या. कूलरने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि समोरच्या कॉम्प्युटरला आंघोळ घातली. पडदा काळा झाला.

सुनंदा दारात उभी होती. "माह्या मायबापाची फिल्म?" एवढंच म्हणाली. तिचा आवाज ऐकून मला खरोखर लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्तच ठाम बोलतो.

"काही झालं नाही," मी म्हणालो. "डिस्क शाबूत हाय. बोर्ड वाळला का मशीन चालू."

डिस्क शाबूत असणार हे मला माहीत होतं. पण ती लावायची कुठे? संजूच्याच मशीनला. त्यापेक्षा बोर्ड वाळवलेला बरा.

शनिवारी सकाळी मी मदरबोर्ड गच्चीवर नेला. तिथे सुनंदाने जुन्या साडीवर काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे आणि कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांच्यामधे जागा करून बोर्ड ठेवला, आणि एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कावळे हाकलायची काठी घेऊन बसलो.

शेजारच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं, "भाऊ, हे हिरवे पापड कायचे व्हय?"

"पालकाचे," मी सांगितलं.

बारा वाजता सुनंदा वर आली. मोबाइल काढून तिने माझा फोटो घेतला. मला वाटलं, कौतुकाने घेतला.

"मी अमरावतीले जाऊन राहिले," ती म्हणाली. "डिस्क पिशवीत हाय."

"कोनं काढली?"

"मीनंच. चार इस्क्रू तं होते. तुमीच दाखवलं ना धूळ काढतानी. उद्या आबाले घेऊन या. आन उठाच्या पहिले वाळवण गोळा करजा."

मी वाळवण गोळा केलं. बोर्ड काही चालू झाला नाही. पण प्रोसेसर ठणठणीत आहे, नंतर संजूनेच तो दुसऱ्या बोर्डावर लावून तपासला! म्हणजे ज्याचं ओव्हरक्लॉकिंग केलं त्याला ओरखडासुद्धा आला नाही, ही गोष्ट मी आजही भेटेल त्याला ऐकवतो.

रविवारी फिल्म लागली. सासूबाई पहिल्या फोटोपासून पदराने डोळे पुसत होत्या. भांडलेली मावशीसुद्धा रडली. शेवटी आभाराची पाटी आली, आणि तिच्यामागून मी आलो. छत्री, काठी, सरगुंडे, मदरबोर्ड. हॉलभर हशा पिकला. मी मान ताठ ठेवून बसलो.

दिवे लागल्यावर सासरेबुवांनी हात वर केला.

"संजू, थे पुन्हा लाव जो."

"कोनतं बाबा? लग्नाचं?"

"लग्नाचं काय पाह्याचं, थे मीनं पाह्यलं हाय. जावयाचं लाव."

पन्नास वर्षांच्या संसाराला टाळ्या मिळाल्या. वन्स मोअर मला मिळाला.