लिफ्टची दुसरी बॅटरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

मी सांगलीत, विश्रामबागला राहतो. सगळी नोकरी कुपवाडच्या एका कारखान्यात मशीनच्या देखभालीत गेली. हाताखालच्यांना एकच गोष्ट घोकवायचो — एक पंप चालतोय म्हणून दुसरा काढायचा नाही. रिटायर झालो आणि बिल्डिंगच्या लिफ्टची देखभाल माझ्या गळ्यात पडली. तिला दोन बॅटऱ्या होत्या. वीज गेली की एक बॅटरी लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडायची. दुसरी आतल्या घंटेची. घंटेची खराब झाली, तेव्हा मी घंटाही पहिलीवरच जोडून टाकली. दोन कशाला हव्यात? — असं मी म्हणालो. मी!

पुढे ती उरलेली एकच बॅटरीही उतरली. इशारा म्हणून पीं-पीं करायला लागली. मी पाचव्या मजल्यावर राहतो, आणि लिफ्टची मशीनरूम नेमकी माझ्या डोक्यावर. दुपारची झोप लागेना. वर जाऊन मी तिची वायरच काढली. नवी आणू की — उद्या, परवा.

चौथ्या मजल्यावरच्या तानाजीची आई तेव्हा माण तालुक्यातल्या गावाहून आली होती, नातवाला सांभाळायला. जन्म मेंढरांमागे रानोमाळ गेलेला. लिफ्टला भ्यायच्या, जिना चढायच्या. मीच म्हणालो, "आजी, बसा की बिनधास्त. वीज गेली तरी दार आपोआप उघडतं."

वायर काढल्याचं विसरलो होतो का? नाही. विसरलो नव्हतो.

आणि एका दुपारी वीज गेली. आजी आत एकट्या.

हाक ऐकून मी वर मशीनरूममध्ये धावलो. तिथलं चाक हाताने फिरवलं की लिफ्ट मजल्यावर आणता येते. फार वेळ लागत नाही. पण मी आधी काय केलं? ती सुटी वायर दिसली — आणि मी ती जोडत बसलो. मेलेल्या बॅटरीला! का? तर कुणी पाहिलं तर म्हणतील, बॅटरी संपली. माझं नाव येणार नाही. स्क्रू हातातून पडला. तो शोधला. झाकण लावलं. खालून आवाज येत होता — "कोन हाय का रं वर? जीव घाबरतोय रं..."

मी ओ दिली नाही. ओ दिली असती, तर लगेच सोडवावं लागलं असतं.

मग कुठे चाक फिरवून लिफ्ट मजल्यावर आणली. खाली येऊन दार उघडलं तेव्हा आजी कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या. लुगडं ओलं झालेलं. तोवर जिन्यात माणसं जमली होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "आजींकडून चुकीचं बटण दाबलं गेलं असेल, म्हणून दार उघडलं नाही."

आजींनी मलाच हात जोडले. "व्हय बाबा. माजंच चुकलं आसंल."

आजी गावी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. तानाजी अजून म्हणतो, "काका, तुमी व्हता म्हनून आई वाचली." दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येतो. मी घेतो. काय सांगून नाही म्हणू?

परवा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. आई कशी आहे, असं मी विचारलं — विचारावं लागतं.

"बरी हाय. पर घरातलं बी कुटलं बटन दाबत न्हाई. आपल्या हातनं कायतरी बिघडंल म्हनती. अंधार पडला तरी कुनीतरी येऊन दिवा लावंपतोर तशीच बसून ऱ्हाती."

चौथा मजला आला. तो उतरला. दार लागलं — आणि मी आत एकटा.