भिंतीआडून शिकलेलं काम

आमच्या सासूबाईंना लेथ मशीन चालवता येतं, हे आम्हाला सासरे गेल्यानंतर सतराव्या दिवशी कळलं. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते आणि भिंतीपलीकडच्या शेडमध्ये मशीन सुरू झालं. माझ्या हातातली बशी फुटली. सासरे कातारी होते, पलंगाचे आणि टेबलाचे पाय, अधूनमधून एखादा वाडगा कातण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्या शेडमध्ये त्यांच्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. मी धावत गेले. सासूबाई सासऱ्यांचा चष्मा लावून, पदर कमरेला घट्ट खोचून उभ्या होत्या. समोर लाकडाचा दांडा गरगर फिरत होता आणि पटाशीच्या टोकातून ढलप्या उडत होत्या.

"आई, बंद करा ते! बोटं जातील!"

"ओरडू नकोस. आणि मागं उभी राहू नकोस, माझा हात हलतो."

हे वाक्य सासऱ्यांचं. मागं कुणी उभं राहिलं की त्यांचा हात हलायचा, म्हणून शेडचं दार कायम आतून बंद. चाळीस वर्षं सासूबाईंनी त्या दाराबाहेरून ढलप्यांची पोती उचलली, पण आत मशीन चालू असताना त्या एकदाही गेल्या नव्हत्या. मग शिकल्या कुठून?

"भिंतीतून," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं ओट्याशी उभी आहे मी. पटाशीची धार गेली की आवाज कसा किरकिरा होतो, गाठ लागली की कसा अडखळतो, शेवटचा हात फिरवताना कसा बारीक होतो, सगळं ठाऊक आहे. यांचं काम संपायच्या आधी मी चहा टाकायची, तो काय जादूनं?"

दांडा थांबला. टेबलाचा पाय होता, आणि वाईट नव्हता. मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला वाटलं, घ्या, एक गेले आणि आता दुसऱ्या डोक्यावर बसल्या. मी घरून फोनवर नोकरी करते. गिऱ्हाईकाच्या तक्रारी ऐकताना मागून घर्रर्र सुरू झालं की गिऱ्हाईक विचारतं, तुम्ही गिरणीतून बोलताय का?

त्यातच धाकटे आले. धाकटे म्हणजे सासऱ्यांचे भाऊ. वय बासष्ट, पण नाव धाकटेच. त्यांचा फर्निचरचा कारखाना आहे, आणि हे मशीन दोघा भावांनी तरुणपणी मिळून घेतलं होतं. त्यांचं स्वतःचं मशीन आता धापा टाकत होतं. हे न्यावं, असं त्यांच्या मनात होतं आणि त्यात गैर काही नव्हतं.

"वहिनी, नुसतं गंजत ठेवायचं का?"

"गंजत कशाला? मी चालवतेय."

धाकटे हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले. "टेबलाचे पाय काय, कुणीही कातेल. पोकळ काम करून दाखवा. एक वाडगा. धड एक वाडगा दाखवलात, तर मशीनचं नाव काढणार नाही. दोन महिने घ्या. नाहीतर टेम्पो घेऊन येतो."

इथे कुणीही शहाणी बाई साधं, सरळ लाकूड निवडते. आमच्या सासूबाईंनी कोपऱ्यातल्या ओंडक्याकडे बोट दाखवलं. "त्याचा करते."

तो ओंडका सासऱ्यांनी अकरा वर्षं ठेवला होता. रंग सुंदर, रेषा सुंदर, पण मधोमध हात जाईल एवढी भेग. 'याचं काही होणार नाही, पण टाकवत नाही,' असं ते म्हणायचे. म्हणजे जे त्यांना अकरा वर्षांत जमलं नाही, ते या दोन महिन्यांत करणार! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भेग बुजवायला रेझिन नावाचा चिकट द्रव वापरतात, ही माहिती माझ्या नवऱ्यानं पुरवली. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. त्यानं फोनवर आईला व्हिडिओ दाखवले: भेगाळलेलं लाकूड साच्यात ठेवायचं, रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर वजनानं मोजून मिसळायचं, रंग घालायचा, ओतायचं, दगडासारखं झालं की लेथवर कातायचं. सासूबाईंनी मान डोलावत ओतण्याचा भाग चार-चारदा पाहिला. कातण्याचा भाग आला की अंगठ्यानं पुढे ढकलायच्या. "हे मला येतं."

"आई, बघा तरी एकदा."

"अगं, हे मला येतं म्हटलं ना."

पुढचे सहा आठवडे आमच्या घराचे हाल कुत्रं खाईना. आधी सराव म्हणून त्यांनी साध्या लाकडाच्या तीन उथळ तबकड्या कातल्या. आवाज पोकळ झाला की थांबायचं, एवढाच त्यांचा नियम. तिन्ही जमल्या. मग एका फुटक्या तुकड्यावर रेझिन ओतलं. साच्याच्या कडा त्यांनी साध्या चिकटपट्टीनं बंद केल्या होत्या. रेझिन हळूहळू खालून बाहेर आलं, शेडभर पसरलं आणि नवऱ्याची एक चप्पल जमिनीला कायमची चिकटली. ती आजही तिथे आहे. दुसऱ्या वेळी लाकूड ओलं होतं. ओतल्यावर त्यातून असे बुडबुडे आले की काय विचारू नका, फेसासकट गोठलं. तिसऱ्या वेळी घाई करून सगळं एकदम ओतलं, तर ते तापलं, धूर आला आणि आरपार तडकलं. माझा वजनकाटा चिकट झाला. ते बिघडलेले तुकडे बाहेरून कातून बघताना निघणाऱ्या रेझिनच्या लांब लांब फिती केसांना चिकटायच्या, कपड्यांना चिकटायच्या, एकदा तर एक मुलीच्या डब्यात निघाली. शाळेतून चिठ्ठी आली. त्या चिठ्ठीला उत्तर मी काय लिहायचं होतं?

मी भांडले. आडपडदा न ठेवता भांडले. "एका मशीनसाठी घराचा उकिरडा केलात. जाऊ द्या की ते!"

त्या काचपेपरनं एक तुकडा घासत होत्या. घासणं थांबवलं नाही. "तू सकाळी कानाला ते यंत्र लावून बसतेस, तेव्हा मी येते का विचारायला की कशाला बसतेस?"

"मला पगार मिळतो."

"मला काही मिळायला नको का?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण फोन वाजला आणि मी उठले.

अखेर ओंडका. सराव चालू असतानाच तो त्यांनी तीन आठवडे उन्हात आणि दोन दिवस गच्चीवर एका पेटीत दिव्याच्या उबेत सुकवला होता. साचा स्क्रूनं आवळला, सांध्यांना सिलिकॉन लावलं. रेझिन तीन थरांत ओतलं, दोन थरांमध्ये एकेका दिवसाचं अंतर. रंग गडद हिरवा. आठवडाभर कुणाला शेडमध्ये शिंकू दिलं नाही. साचा उघडला तेव्हा मीसुद्धा वाकून पाहिलं. लाकूड होतं तिथे लाकूड आणि भेग होती तिथे हिरवं खोल पाणी थांबल्यासारखं. एक बुडबुडा नाही.

दोन महिने पुरे झाले त्या दिवशी सकाळी त्यांनी वाडगा कातायला घेतला. बाहेरची बाजू तासाभरात झाली. मग आतली पोकळी. मला अर्थातच आत उभं राहायची परवानगी नव्हती. मी सुट्टी टाकली होती, कशासाठी ते मलाच माहीत नाही, आणि ओट्याशी उभी राहून भिंतीला कान देत होते. आवाज छान चालला होता. एकसारखा, जाड. मी मनात म्हणत होते, आता बदलेल, आता पोकळ होईल, मग त्या थांबतील. आवाज बदललाच नाही. एकदम खट्ट झालं आणि मशीन थांबतानाची घरघर ऐकू आली.

मी आत गेले. वाडगा मशीनवरच होता. कडा पातळ, अंग गुळगुळीत, आणि बुडाला, बरोबर रेझिनच्या भागात, अंगठा जाईल एवढं भोक.

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. "आवाजच आला नाही गं," त्या म्हणाल्या. "लाकूड सांगतं. हे मेलं बोललंच नाही."

मी त्यांना चहा दिला. त्यांनी घेतला नाही. वाडगा कुठेतरी टाकावा, धाकट्यांना सांगावं की अजून वाळतोय, असं मी सुचवलं. "लपवून काय त्याचं बूड येणार आहे?" असं म्हणून त्यांनी तो स्वतः उतरवला आणि बाकावर ठेवला.

दुपारी टेम्पो आला. धाकट्यांच्या हातात नट खोलायचे पाने होते. वाडगा पाहून त्यांनी ते खाली ठेवले. वाडगा उचलला, कडेवरून बोट फिरवलं, उजेडाकडे धरला.

"वहिनी, वाडग्याची ही भिंत तुम्ही काढलीत? एकसारखी आहे. दादाच्या हातची वाटते."

"खाली बघा."

त्यांनी बघितलं. भोकात बोट घातलं. मला वाटलं, आता हसणार, आणि हसले असते तर मी त्यांना काय बोलले असते ते इथे लिहिता आलं नसतं. पण ते गोंधळले होते. "असं कसं झालं? खोलीचं भोक पाडलं नव्हतं का आधी?"

"कसलं भोक?"

"अहो, आधी मधोमध ड्रिल घालायचं. जेवढं खोल हवं, तेवढंच. मग कातत जायचं आणि ड्रिलचं भोक संपलं की थांबायचं. बूड कधी जात नाही." ते अगदी सहज बोलत होते. "हे तर पहिल्या दिवशी शिकवतात, वहिनी."

"मला पहिला दिवस कुणी दिला?"

काहीतरी करायला हवं म्हणून असेल, धाकट्यांनी कोपऱ्यातला एक रद्दी ठोकळा घेतला, मशीनला लावला, दुसऱ्या टोकाकडून ड्रिल बसवलं आणि चाक फिरवत ते आत सरकवलं. कर्र असा जाड, लांब आवाज झाला आणि थांबला.

सासूबाई स्टुलावरून उठल्या.

"हा आवाज," त्या म्हणाल्या. "हा तर नेहमी यायचा. वाडगे कातायचे असले की पहिला हाच. मला वाटायचं, मशीन गरम करताहेत."

"कधी विचारलं नाहीत दादाला?"

"विचारलं होतं. लग्नाला वर्ष झालं असेल. म्हटलं, हे सुरुवातीला काय करता हो? म्हणाले, तुला काय करायचंय, चहा टाक."

सासरे माझे लाडके होते. त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नाही, ताटात जास्तीचा घास माझ्यासाठी राखला. पण त्या क्षणी मला त्यांचा असा संताप आला की भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे मला बघवेना. एका वाक्याचं उत्तर होतं ते. ठोकळा लावायचा, भोक पाडायचं, बस. एवढं सांगायला दार उघडायलासुद्धा लागलं नसतं.

धाकट्यांचा चेहरा मला दिसला नाही, त्यांनी मान खाली घातली होती. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"याला बूड बसवून देतो मी," ते शेवटी म्हणाले. "दुसऱ्या लाकडाची चकती लावली की कळायचंही नाही."

"नको. माझ्या हातून गेलंय, ते गेलेलंच राहू दे."

"मग... मशीन राहू दे इथे. टेम्पोवाल्याला परत पाठवतो." आणि ते दाराकडे निघाले.

"धाकटे," सासूबाई म्हणाल्या. "टेम्पोवाला थांबेल पाच मिनिटं. आधी ते भोक पुन्हा पाडून दाखवा. आणि असे मध्ये उभे राहू नका, मला दिसत नाही."