नावाची किंमत

आमच्या कंपनीने माणिकपूरची एक जुनी बेकरी घेतली, तेव्हा भट्टी आणि जागेच्या किमतीच्या वर भरपूर पैसे मोजले, ते नुसत्या नावासाठी. हिशेबात त्याला गुडविल म्हणतात. ते नाव अजून तेवढ्या मोलाचं आहे का, हे दरवर्षी तपासावं लागतं.

त्यासाठी ऑडिटर बाई येतात. आधी बेकरीच्या दारात उभ्या राहून एक पाव कोरडाच खातात आणि गिऱ्हाइकं बघतात. मग ऑफिसात कुणी काहीही सांगितलं तरी "असं होय?" एवढंच म्हणतात. ते ऐकलं की मला त्यांची धास्तीही वाटते आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटतं.

यंदा साहेबांनी पुढच्या काही वर्षांची चढती विक्री पडद्यावर दाखवली. म्हणजे नाव शाबूत, हिशेबातली त्याची किंमत कमी करायला नको.

"असं होय?" बाई म्हणाल्या. "साहेब, तुमच्या घरी पाव कुठला येतो हो?"

साहेबांनी पडद्यावरचा तक्ता बंद केला. माझ्याही डब्यात आमच्या बेकरीसमोरच्या दुसऱ्या बेकरीचे पाव होते. डबा मी हळूच टेबलाखाली सरकवला.

"बरं," साहेब शेवटी म्हणाले, "किती कमी करायची?"