बन्सीलालभाऊ आणि झिंगरूची पन्नासावी लेव्हल

अंगणवाडीच्या पालकसभेत मी दर महिन्याला तावातावाने सांगते, मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका. आया मान डोलावतात आणि पदराआड खुदुखुदु हसतात. कारण अडावद भागात सगळ्यांना ठाऊक आहे, की या सेविकाबाईंचा सख्खा मोठा भाऊ, वय वर्षं छप्पन्न, केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम, जेवणाच्या सुट्टीत बांधावर पाय पसरून झिंगरू माकडाचा गेम खेळतो. हरला की असा ओरडतो, की पलीकडच्या बागेतले लोक साप निघाला म्हणून धावत येतात.

चूक माझीच. माझी मुलगी मयुरी धुळ्याला कॉलेजला गेली तेव्हा तिला नवा फोन घेतला आणि तिचा जुना बन्सीलालभाऊला दिला. मयुरीने त्यातलं सगळं पुसलं, पण लहानपणी जे झिंगरूचं कार्टून ती जेवण सोडून बघायची, त्याचा गेम तेवढा राहून गेला. आठवड्याने भाऊ आमच्या ओट्यावर आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "सारिका, हाऊ माकड मना फोनमा कसाले शे?"

मी म्हटलं, आण, काढून टाकते. तर त्याने फोन छातीशी धरला. "राहू दे वं. तुनं काय खाई राहिनं ते?"

गेम म्हणजे अगदी पोरखेळ. वरून केळी पडतात, झिंगरूने ती टोपलीत झेलायची. पिवळं झेललं की दहा गुण, हिरवं झेललं की झिंगरूच्या पोटात दुखतं आणि एक जीव जातो. माझ्या अंगणवाडीतली पोरं डोळे मिटून पहिली लेव्हल पार करतील. भाऊला महिनाभर ती पार झाली नाही.

कारण त्याचा अंगठा हिरव्याकडेच धावायचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं केळीत काढलेला माणूस. केळं हिरवंच कापायचं, त्याच्या कडा जाऊन ते गोल भरलं की विळा चालवायचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. बागेत पिवळं केळं दिसलं म्हणजे मुकादम झोपला होता असं लोक समजतात. असा एक घड चुकून ट्रकमध्ये गेला तर दिल्लीला पोहोचेपर्यंत शेजारच्या घडांनाही पिकवून ठेवतो. त्यामुळे पिवळं केळं पडायला लागलं की भाऊ टोपली घाईघाईने बाजूला घ्यायचा, हिरव्यावर झडप घालायचा, आणि माकड मेलं की माकडावरच चिडायचा. "याले कोन्ही शिकाडेल नही का? पिकेल माल कोन लेई?"

माझं हसून हसून पोट दुखलं. शेवटी दिवाळीला मयुरी आली आणि तिने एका वाक्यात गाठ सोडवली. "मामा, हा माल व्यापाऱ्याला द्यायचा नाहीये, माकडाला खायचाय."

भाऊने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "मंग पहिले सांगाले काय व्हयनं व्हतं!" आणि पंधरा दिवसांत वीस लेव्हली!

मग काय विचारता! सगळी टोळी नादाला लागली. भाकरी हातात तशीच, आणि सगळे मुकादमाच्या खांद्यावरून वाकलेले. केळी वाहणारा भिकन तर झिंगरूसारख्या उड्या मारून दाखवायचा. मला हे सगळं बघून राग यायचा आणि इतकं गोड वाटायचं, की रागावणं राहूनच जायचं.

एकदा मात्र मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, भाऊ, या वयात हे काय? तो चेष्टेने बोलेल असं वाटलं होतं, पण तो शांतपणे म्हणाला, "सारिका, आमनं काम कधी संपस का? आज ही बाग, उद्या ती बाग. घड काप, तर खाले झाडनं नवं पिल हुभं शे. मी जिंदगीमा एक बी गोष्ट शेवटपर्यंत करेल नही. या पन्नास लेव्हली शेत. ह्या मी बठ्ठ्या करसू."

एक्केचाळिसाव्या लेव्हलवर घात झाला. टोळी फैजपूरकडे एका बागेत कापणीला गेली होती. भाऊ भराभर कापत होता. ट्रक अर्धा भरला आणि भिकन घड खांद्यावर घेऊन मध्येच थांबला. "दादा, हाऊ घड दखा. पिकी राहिना हाऊ."

वरच्या फणीतली दोन केळी पिवळी पडलेली. भाऊने स्वतःच्या हाताने कापलेला घड! पिवळं दिसलं आणि हात आपोआप गेला. टोळीत कुणी हसलं नाही. भाऊने तो घड उतरवून बांधावर ठेवला आणि मग ट्रकमधले सगळे घड एकेक करून पुन्हा तपासले.

आठ दिवस त्याने गेमला हात लावला नाही. जेवणाच्या सुट्टीत नुसता जेवायचा. भिकन माझ्याकडे येऊन कुरकुरला, "अक्का, दादाले काही तरी सांगा, भाकरी गोड लागत नही." मलाही करमेना. कामात खोट नको आणि गेम अर्धवट टाकायचा नाही, अशा कात्रीत माझा भाऊ सापडला होता, आणि मी सल्ला काय देणार? पालकसभेतलाच दिला असता.

तोड त्यानेच काढली. नवव्या दिवशी ओट्यावर येऊन बसला, फोन काढला आणि डाव्या हाताने खेळायला लागला. "जेवना हात बागना, डावा माकडना," म्हणाला. "जेवना हातले काहीच सांगानं नही." डाव्या अंगठ्याला काही सुधरत नव्हतं. पुन्हा पहिल्यासारखं माकड मरायला लागलं. पण बागेतला विळा परत पहिल्यासारखा चालला. उरलेल्या दहा लेव्हलींना तीन महिने लागले.

पन्नासावी झाली त्या दिवशी बाजार होता, टोळीला सुट्टी होती. भरदुपारी आमच्या ओट्यावर भाऊ, भिकन, टोळीतले दोघे आणि अंगणवाडीचं रजिस्टर मांडीवर तसंच ठेवून मी. आमची माय, नर्मदाबाई, पलीकडे बाजेवर बसलेली. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. पडद्यावर खाली मगर, वर केळी, झिंगरूचा एकच जीव उरलेला. भाऊची जीभ दातात. मी तर देवाचं नाव घेत होते, खोटं कशाला सांगू! शेवटचं केळं टोपलीत पडलं आणि आम्ही सगळे एकदम किंचाळलो. भिकनने भाऊला उचललं. छप्पन्न वर्षांचा मुकादम फोन डोक्यावर धरून ओट्यावर नाचला, शेजारीण विचारत आली की कुणाला मुलगा झाला.

एवढ्यात फोनमधून झिंगरू बोलला, "शाब्बास, दोस्त! अब जाओ, मम्मी को दिखाओ!"

"जा दादा, मम्मीले दखाड!" भिकन हसून गडाबडा लोळला.

भाऊ नाचायचा थांबला. सरळ बाजेपाशी गेला आणि मायच्या पुढ्यात फोन धरला. "माय, मी बठ्ठं संपाडी टाकं."

मायने काचेवरून बोट फिरवलं. तिला काय दिसलं देव जाणे. "पास व्हयना का रे?" तिने विचारलं.

गेम आहे गं, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा गेले त्या वर्षी भाऊ चौथीत होता. परीक्षेला महिना राहिला असताना त्याने दप्तर ठेवलं आणि घड वाहायला गेला. पुढे घरात निकाल आले ते सगळे माझे, त्याच्या मजुरीवर मिळवलेले.

"व्हयनू, माय," भाऊ म्हणाला. "पास व्हयनू."

"मंग साखर आन वं सारिका," माय म्हणाली. मी डबा आणला. तिने चाचपडत चिमूट घेतली, आणि माझ्या भाऊने बाजेपुढे गुडघे टेकून आ केला.